पैऱ्याचं दुखणं

कालवा रक्षक भरतीच्या धावेत तनिष्का खरात पहिली आली. दुसरी मुलगी इतकी मागं होती की मधल्या वेळात तनिष्का पाणी प्यायली, तिनं बुटाची नाडी सोडली आणि आवडली नाही म्हणून पुन्हा बांधली. मैदानावरच्या सगळ्यांनी हे पाहिलं, कॅमेऱ्यांनी टिपलं, आणि तिच्या आईनं जवळचे पेढे अनोळखी माणसांनासुद्धा वाटून टाकले.

मात्र अशी कुठलीही धाव झालेली नाही, असं दलानं लेखी कळवलं आहे. दलाशी वाद कोण घालणार? तेव्हा आपणही ती झाली नाही असंच धरू, आणि न झालेल्या गोष्टीच्या आधी काय काय झालं तेवढं पाहू.

राज्य कालवा रक्षक दल हे पाणीचोऱ्या वाढल्यावर काढलेलं नवं दल. कालव्यात चोरून मोटारी टाकणाऱ्यांना पकडायचं, एवढंच काम. गणवेश निळा, नोकरी घराजवळ, आणि काठावर उभं राहून सख्ख्या चुलत्यालाही दंड करायची सोय. त्यामुळं तासगाव भागातल्या पोरापोरींना या नोकरीचं भलतंच वेड होतं.

शारीरिक परीक्षा तीन दिवसांची असे. पहिल्या दिवशी वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन कालव्याचा बांध चढायचा आणि उतरायचा, शिट्टी होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी कागदपत्रं तपासायची, म्हणजे दिवसभर फरशीवर बसायचं. तिसऱ्या दिवशी धाव. हे वेळापत्रक ज्यानं आखलं त्याला मानवी शरीराची उत्तम माहिती होती आणि त्याविषयी जराही माया नव्हती. कारण चढताना माणसाचा दम जातो, पण उतरताना मांडी जाते. उतरताना स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच ओझं पेलत असतो, त्या ओढाताणीत त्याचे बारीक धागे तुटतात. गंमत म्हणजे त्या दिवशी काहीच कळत नाही. माणूस घरी येतो, चापून जेवतो, मला काही झालं नाही अशी बढाई मारतो. दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. तिसऱ्या दिवशी ते इतकं आंबलेलं असतं की खुर्चीत बसायचं तर आधी घरच्यांशी सल्लामसलत करावी लागते.

तनिष्का दोनदा याच तिसऱ्या दिवशी नापास झाली होती. पहिल्या खेपेला ती अर्ध्यात बसली. दुसऱ्या खेपेला तिनं धाव पूर्ण केली, पण तोवर मैदान झाडायला बायका आल्या होत्या आणि त्यांनी तिला बाजूनं पळायला सांगितलं. यंदा तिचं वय संपत होतं. यावेळी झालं नाही तर आत्याच्या दुकानात साड्यांना पिको-फॉल करायला बसायचं, असं घरात ठरलं होतं. आत्यानं मशीनला तेलसुद्धा घालून ठेवलं होतं.

आणि त्याच वर्षी बाजारात तो पट्टा आला.

पट्ट्यामागचं शास्त्र असं. स्नायूचे धागे तुटले की तिथल्या बारीक नसा मेंदूला कळवतात: दुखतंय. डॉक्टर मंडळी आजवर याला नुसती तक्रार समजत. मग एका प्रयोगशाळेला कळलं की ही तक्रार नाही, हा अर्ज आहे. दुरुस्तीचं सामान स्नायूत आलेलंच असतं, पण काम जोरात सुरू व्हायला मेंदूची मंजुरी लागते, आणि ती नसांमधूनच उलट येते. आता मेंदूपुढं कामांचा ढीग. परीक्षा आहे, गॅस संपलाय, शेजारणीनं काल असं का म्हटलं. त्यात मांडीचा अर्ज तळाशी जातो. तीन-चार दिवस आपण लंगडतो ते या खोळंब्यामुळं. मेंदू खरोखर रिकामा असेल तर हीच मंजुरी एका रात्रीत मिळते.

पुढचा शोध जास्त चमत्कारिक होता. मंजुरीवर सही कुणाची आहे हे स्नायू तपासत नाही.

तेव्हा एका कंपनीनं पट्ट्यांची जोडी काढली. एक पट्टा दुखणाऱ्यानं बांधायचा, दुसरा दुखणं घेणाऱ्यानं. फोनवरून दोन्ही जुळले की इकडचं दुखणं तिकडं जातं. घेणाऱ्याला ते अगदी स्वतःचं असल्यासारखं दुखतं, त्याचा मेंदू सही करतो, मंजुरी परत येते, आणि सकाळी देणारा टुणकन उठतो. एका घेणाऱ्याला कितीही देणारे जोडता येत. अट एकच: घेणाऱ्यानं खरी विश्रांती घ्यायची. अंगानं पडायचं आणि डोक्यानंही पडायचं. मध्येच उठला किंवा काळजी करत बसला, तर अर्ज परत तळाशी.

कंपनीला वाटलं होतं की दुखणं घ्यायला माणूस मिळणं अवघड जाईल. तसं झालं नाही, आईबाप लेकरांचं दुखणं घ्यायला रांगा लावून तयार होते. पडून राहता येणारं माणूस मात्र कुठल्याच घरात सापडेना.

तनिष्कानं सुरुवात आईपासून केली. शालनताई चटईवर आडव्या झाल्या, पट्टा बांधला, डोळे मिटले.

"आई, नुसतं पडायचं."

"पडलेय की."

"डोक्यातही काही आणायचं नाही."

"बरं, नाही आणत. दुधाखालचा गॅस बंद केलास?"

"केला."

"मग झालं." मग दुखणं पोचलं. "अगं बाई. हे तुला रोज असतं?"

"रोज."

"म्हणजे गोधड्या धुतल्यावर होतं तसंच की." असं म्हणून शालनताई उठल्या आणि लंगडत लंगडत कणीक भिजवायला गेल्या.

सकाळी तनिष्काच्या मांड्या आदल्या दिवसापेक्षा वाईट होत्या.

मग वडिलांची पाळी. ते टेम्पो चालवत. पडल्या पडल्या घोरायला लागले तेव्हा घरात सगळ्यांना आशा वाटली. पण त्यांना स्वप्न पडलं ते कवठेमहांकाळच्या घाटवळणावर टेम्पो मागं घेण्याचं, आणि मेंदूकडून मंजुरीऐवजी तेच पट्ट्यातून आलं. झोपेत तनिष्का डाव्या पायानं पलंगाची लाकडी पाटी दाबत राहिली. उजाडताना पाटी मोडली.

तनिष्का भरतीची तयारी करायची त्या झुंजार करिअर अकॅडमीचे गुरव सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात निकामी माणूस कोण आहे?"

"असं काय विचारता, सर?"

"प्रत्येक घरात एक असतोच. आमच्या घरी मी आहे, पण मला इथं शिकवायला यावं लागतं. आठव."

आठवायची गरज नव्हती. तनिष्काला मुरलीमामा होता.

मुरलीधर हा शालनताईंचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांमागं सत्यनारायणाच्या प्रसादाला बहिणीकडं आला, परतीची बस चुकली, आणि पुढची बस त्यानं अजून पकडलेली नव्हती. तो सोप्यातल्या बाजेवर असे. माणूस गुणी होता. व्यसन नाही, उधारी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त तो काही करत नसे. पंखा लागत असला तर वारा घेई, लाईट गेली तर न घेई. शालनताई येता-जाता त्याला बोलत. "तुझ्या अंगात हाडं घालायची राहिलीत का रे मुरल्या?" तो म्हणे, "आहेत अक्का, पण वापरलेली नाहीत."

त्या दिवशी तनिष्कानं बांधावर जीव तोडून सराव केला आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबल्यावर मामाच्या मांडीला पट्टा बांधला.

"दुखतंय का, मामा?"

"दुखतंय की. चांगलं कचकचून दुखतंय."

"मग तू काही करत का नाहीस?"

मामानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "दुखणं दुखतंय, त्यात मी काय करायचं? त्याचं काम ते करतंय, मी कशाला मध्ये पडू?"

चहा व्हायच्या आत मंजुरी आली. तनिष्का उठली, बसली, पुन्हा उठली. मांड्या लोण्यासारख्या मऊ. कंपनीच्या ॲपलाही हे झेपलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली: "विश्रांतीधारक जिवंत असल्याची खात्री करावी."

"मामा, तू जिवंत आहेस ना?"

"उद्या सांगतो," मामा म्हणाला.

शालनताई दारात उभ्या राहून बघत होत्या. अकरा वर्षं ज्या गोष्टीवरून त्यांनी भावाला बोल लावला, तिच्यासाठीच त्यांना आता बाजेपाशी चहा नेऊन द्यावा लागणार होता. "याला आता कला म्हणायचं का?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी भाकरी जरा जाड झाल्या.

बातमी अकॅडमीत पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात सगळी बॅच मामाच्या बाजेभोवती. त्यात सरांची लाडकी श्रावणी जमदाडेही होती, जी एरवी तनिष्काकडं बघतसुद्धा नसे. पोरींनी आपापसात वर्गणी काढून पाकीट आणलं होतं. मामाला खरोखर वाईट वाटलं.

"पैसे काय दाखवता? मी काय हॉटेल काढलंय? पैऱ्यानं करू."

पैरा म्हणजे त्या भागातली जुनी रीत. आज तुमच्या रानात मी राबायचं, उद्या माझ्या रानात तुम्ही. मजुरी नाही, फक्त काम कामानं फेडायचं. आणि फेडायचं म्हणजे फेडायचंच. पैरा न फेडता ठेवला म्हणून तीन-तीन पिढ्या एकमेकांकडं पाणी न प्यालेली घरं तिथं आहेत.

"चालेल की," श्रावणी म्हणाली. "मग आम्ही तुमचं काय काम करू?"

मामानं विचार केला. बराच वेळ केला. "मला काही काम नाही," तो म्हणाला.

इथंच सगळं बिघडलं. एखाद्या शहाण्या गावात लोक म्हणाले असते, बरं झालं, आणि पट्टे बांधून मोकळे झाले असते. पण इथं रोज दुखणं घेणारा माणूस समोर, आणि त्याला फेडायला काम सापडेना. पोरींच्या आयांना अन्न गोड लागेना. अखेर बापमंडळींनी शोध घेतला, तेव्हा मणेराजुरीकडं मामाच्या वाटणीचा अर्धा एकर तुकडा निघाला. त्यात काट्याकुसळांशिवाय काही नव्हतं. एका रविवारी भाची सोडून अख्खी बॅच तिथं उतरली. काटेरी झुडपं काढली, रान नांगरलं, ठिबकची नळी अंथरली.

"झालं ना आता?" मामानं विचारलं.

पण दुखणी रोज येत होती, तेव्हा पैराही रोज चढत होता. रान तयार झालं म्हणून झेंडू लावला. झेंडूला राखण हवी म्हणून शेड मारली. पत्रे उरले त्याचा गोठा केला. गोठा रिकामा बरा दिसेना, म्हणून श्रावणीच्या वडिलांनी मामाला म्हैस घ्यायला लावली आणि तिला पोचवायचं काम पैऱ्यात धरलं. म्हशीला वैरण हवी म्हणून कडेनं घासगवत लावलं. घासाला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा मामा पाणीवाटप सोसायटीच्या बैठकीला गेला, आणि इतक्या शांतपणे बसलेला माणूस सोसायटीनं आजवर पाहिलेला नसल्यामुळं त्याला अध्यक्ष करण्यात आलं.

तनिष्का हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "मामा, तू जरा नाही म्हणायला शीक."

"अगं, नाही म्हणायचं तर उठून बसावं लागतं. हो पडल्या पडल्या म्हणता येतं."

याच सुमारास दलानं नियम काढला. आधीच्या एका भरतीत न सावरलेल्या मांड्यांनी धावून दोन-चार उमेदवार कोसळले होते. त्यामुळं आता दुचाकीला हेल्मेट तसा भरतीला विश्रांतीधारक सक्तीचा झाला. प्रत्येक उमेदवारानं आपल्या घेणाऱ्याचं नाव नोंदवायचं. पट्ट्याची नोंद थेट दलाकडं जाणार, आणि उमेदवाराची धाव संपेपर्यंत घेणाऱ्यानं पडून राहायचं. गुरव सरांनी नियम वाचून दाखवला, तेव्हा सगळ्या बॅचनं एकच नाव लिहिलं. तनिष्कानंही तेच लिहिलं. तिला वाटलं, आपला तर सख्खा मामा आहे.

भरती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. पहिल्या दिवशी तनिष्का पोतं घेऊन शिट्टीपर्यंत बांध चढली आणि उतरली. दुसऱ्या दिवशी फरशीवर बसून कागदपत्रं दाखवली. उठताना मांड्यांनी असा आवाज केला की शेजारच्या कारकुनानं मान वर केली. मामानं पट्टा बांधलेला होता, दुखणं सकाळपासून जात होतं, पण मंजुरी काही येत नव्हती. तिनं फोन केला. मामानं उचलला नाही, आणि हेच भयानक होतं, कारण मामाचा फोन अकरा वर्षं उशाशी असे.

ती वाकडी-तिकडी चालत मणेराजुरीच्या रानात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामा वाकून झेंडू तोडत होता. मांडीला पट्टा, कमरेला टॉवेल, काखेत टोपलं.

"मामा, तू इथं काय करतोयस?"

"तोडतोय."

"तू पडायचं ठरलं होतं."

"पडलो होतो गं. सकाळधरनं तीनदा पडलो. डोळे मिटले की झेंडू दिसतो. उद्या सकाळी गाडी येणार, फुलं गेली नाहीत तर सगळी जनावरापुढं टाकायची. तोडायला येणारी पोरंपोरी सगळी तुमच्या बांधावर चढून आंबल्यात. मग कोण तोडणार?"

"अकरा वर्षं तुला कधी काही दिसलं नाही, आणि आजच झेंडू दिसला?"

"तेव्हा झेंडू नव्हता."

तनिष्काला ओरडायचं होतं, पण ओरडायलासुद्धा पोटातले स्नायू लागतात आणि तेही आंबलेले होते. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "माझं वय संपतंय, मामा. उद्या नाही झालं तर जन्मभर मी फॉल लावणार आहे. तुला एकच गोष्ट येत होती. जगात एकच. तीही तुला नेमकी आज येईना?"

मामानं टोपलं खाली ठेवलं. बांधावर बसायला गेला आणि कमरेत कळ येऊन अर्ध्यातच थांबला. त्याचं स्वतःचं अंगही आंबलं होतं; एवढ्या वर्षांनी वाकलेली कंबर सरळ व्हायला तयार नव्हती. वर अख्ख्या बॅचच्या मांड्या त्याच्या अंगात.

"मला पडायला येत होतं, तनू," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. चांगलं येत होतं. आता पडलं की म्हैस आठवते. म्हशीचं झालं की सोसायटी. मी काय करू ते सांग. तुझी आई कशी जगली असेल गं इतकी वर्षं?"

तनिष्काला त्याची दया आली आणि दया आल्याचाच जास्त राग आला. आता पैऱ्याचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. सगळ्यांनी मामाचा पैरा फेडला होता, नांगरून, खणून, म्हैस आणून. भाची म्हणून एकट्या तिनंच काही फेडलं नव्हतं.

"पट्टा इकडं कर," ती म्हणाली.

"का?"

"उलटा जोडते. माझं तुझ्याकडं पाठवायचं बंद. तुझं मला दे. एकदाचा फेडते आणि मोकळी होते, मग आयुष्यात तुझं तोंड बघायला नको."

"उद्या तुझी धाव आहे."

"धाव गेलीच आहे. निदान पैरा तरी राहायला नको."

तिनं ॲपमध्ये देणाऱ्याच्या जागी मुरलीधर केलं आणि घेणाऱ्याच्या जागी तनिष्का. ॲपनं विचारलं, "तुम्ही खरोखर विश्रांती घेणार आहात का?" तिनं इतक्या रागानं हो दाबलं की फोन हातातून झेंडूत पडला.

शेडमध्ये रिकामी पोती होती. त्यांवर ती आडवी झाली आणि मामाची कंबर तिच्याकडं आली. बेक्कार कंबर होती. पण दोन मिनिटांत तिच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. स्वतःच्या मांडीचं दुखणं आलं की ती लगेच हिशेब करायची: उद्यापर्यंत जाईल का, तेल लावू का, शेक देऊ का, मागच्या वेळी असंच होतं का. या कमरेचं तिला काहीच करायचं नव्हतं. ही कंबर उद्या कुठं धावणार नव्हती. ती फक्त दुखत होती. दुखू दे, तिला वाटलं, तिचं काम ती करतेय. मग तिला उद्याचं काही वाटेना, कारण उद्याचं जे व्हायचं ते होऊन गेल्यात जमा होतं. बाहेर मामा हलक्या कमरेनं झेंडू तोडत गाणं म्हणत होता, तेही बेसूर. तनिष्काला झोप लागली.

आणि रिकाम्या झालेल्या तिच्या मेंदूनं समोर पडलेल्या अर्जांवर सह्या करायला घेतल्या. मामाच्या कमरेवर केली. ओघात खाली स्वतःच्या मांड्यांचा अर्ज होता, त्यावरही केली.

सकाळी शेडबाहेर फुलांची पोती रचलेली होती आणि मामा त्यांना टेकून ताठ बसलेला होता. तनिष्का उठली. मग तिच्या लक्षात आलं की ती उठली, आणि मध्ये कुठंही अडकली नाही.

पुढं मैदानावर जे झालं ते झालेलं नाही, हे आपण धरलंच आहे. तरी एवढं सांगायला हरकत नसावी की मामाच्या भरवशावर राहिलेली बाकीची बॅच रेषेवर बदकांच्या थव्यासारखी उभी होती. श्रावणी जमदाडे दोन्ही हातांनी आपलीच मांडी उचलून पुढं टाकत होती.

दलाचं पत्र दिवाळीनंतर आलं. श्रावणीची निवड झाली होती. तनिष्काची धाव "झालेली नसल्यामुळे" विचारात घेतली नव्हती. तनिष्का आणि मामा दलाच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सौम्य होते. त्यांनी पट्ट्याची नोंद पडद्यावर दाखवली.

"हे बघा. त्या तारखेला देणारा मुरलीधर, आणि विश्रांतीधारक तुम्ही."

"हो."

"विश्रांतीधारकानं धाव संपेपर्यंत पडून राहणं बंधनकारक आहे. म्हणजे त्या वेळी तुम्ही पडून होता."

"मी धावत होते, साहेब."

"नोंदीत पडून आहात."

"व्हिडिओत धावतेय."

"व्हिडिओ ही नोंद नव्हे." साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली. "छान धावताय, मी पाहिला. घरी मुलांनाही दाखवला."

"मग धाव परत घ्या."

"झालेली धाव परत घेता येते. न झालेली परत कशी घेणार?"

मामा पुढं सरकला. "साहेब, मग असं करा. मी धावलो असं धरा, आणि नोकरी हिला द्या."

"तुम्ही मैदानावर नव्हता," साहेब नोंद बघून म्हणाले. "तुम्हाला गैरहजर लावलंय."

दोघं परतीच्या वाटेला लागले. तनिष्काचे पाय अजून दुखत होते. त्या धावेत ती इतकी मन लावून पळाली होती की उजवी मांडी तेव्हापासून सुटलीच नव्हती. आत्याचे दोन फोन येऊन गेले होते. मामा म्हणाला, "माझ्याकडं दे. निदान दुखणं तरी."

"तुला सोसायटीची बैठक आहे."

"आहे," मामा म्हणाला.

घरी शालनताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अचानक परातीपुढून उठल्या, सोप्यातल्या रिकाम्या बाजेवर जाऊन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आण तो पट्टा." तनिष्कानं आणला. त्या पडल्या, डोळे मिटले, ओठ घट्ट धरले. "गॅस बंद आहे," तनिष्का म्हणाली. "मी विचारलं का?" शालनताई म्हणाल्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मंजुरी काही आली नाही, पण त्या पडून राहिल्या, हे तनिष्कानं पाहिलं.

मग ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं दलाला अर्ज लिहिला.

प्रति,
मा. भरती अधिकारी,
राज्य कालवा रक्षक दल.

विषय: न झालेल्या धावेमुळे आलेली अंगदुखी दलाने ताब्यात घेणेबाबत.

महोदय,

सदर धाव झालेली नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. तथापि माझ्या दोन्ही पोटऱ्या व उजवी मांडी यांना आपले पत्र मिळालेले नसावे, कारण त्या अद्याप धाव झाल्यासारख्या दुखत आहेत. धाव माझी नसल्याने तिचे दुखणेही माझे नाही. ते दलाचे असून चुकून माझ्याकडे राहिले आहे.

तरी सदर दुखणे स्वीकारण्यासाठी दलातील एका अधिकाऱ्याची विश्रांतीधारक म्हणून नेमणूक करावी. अधिकारी शक्यतो वरिष्ठ असावा. त्यास दुसरे कोणतेही काम नसावे व कामाची आठवणही येत नसावी. कार्यालयीन वेळेत पडून राहिले तरी माझी हरकत नाही. पट्टा सोबत जोडला आहे.

तसेच आपल्या नोंदीनुसार मी त्या तारखेपासून पडून आहे. मी पुढे काय करावे हे घरात रोज विचारले जाते, आणि पडून असलेल्या व्यक्तीला त्याचे उत्तर देता येत नाही. सबब दलाने एक सक्षम कर्मचारी पाठवून मला नोंदीतून उठवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
तनिष्का खरात